अन्नवस्त्र की वाटा? : कर्णबधिर तरुणांच्या शाळेचा आणि नोकरीचा इतिहास

सुरुवात करण्याआधी एक सोय पाहून घेऊ. आमच्या डाव्या हाताला दुभाषी ताई उभ्या आहेत. तो दिवा जरा त्यांच्याकडे वळवा, आमच्यावर नको. समोरच्या दोन रांगांत बसलेल्या मुलामुलींना आमचा चेहरा दिसला नाही तरी चालेल, ताईंचे हात दिसायला हवेत. आम्हाला भरभर बोलायची सवय आहे. ताईंनी हात वर केला की थांबायचं असं ठरलंय.

आधी शब्दाचं बोलू. आमच्या लहानपणी अशा शाळेच्या पाटीवर 'मूकबधिर विद्यालय' असं लिहिलेलं असायचं. गावोगावी अजूनही त्या पाट्या आहेत. नंतर 'कर्णबधिर' आला, आणि आता सरकारी कागदावर 'दिव्यांग' असतो. यातला 'मूक' या मुलांना फार खुपतो, आणि ते रास्त आहे. गळा शाबूत आहे, आवाज आहे, शिवाय हातांची एक पूर्ण भाषा आहे, मग मूक कशाला? तेव्हा आज आम्ही कर्णबधिर म्हणू. जुन्या संस्थांची नावं मात्र जुनीच राहतील, ती बदलण्याचा अधिकार आम्हाला नाही.

आता इतिहास. तो शाळेपासून सुरू होत नाही, जमिनीच्या वाटणीपासून होतो.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दायभागाचे नियम आहेत. कोणाला वाटा मिळणार नाही त्यांची तिथे एक यादी आहे. तीत जन्मांध आहे, जन्मबधिर आहे, मुका आहे, वेडा आहे. यादी वाचून आपण चिडतो. पण लगेच पुढचा श्लोक वाचला पाहिजे, कारण खरी गंमत तिथे आहे. या सर्वांना ऐपतीप्रमाणे जन्मभर अन्नवस्त्र द्यावं, न देणारा पतित होतो, असं तो सांगतो. म्हणजे हा नियम स्वतःला क्रूर समजत नाही, उलट दयाळू समजतो. पश्चिम भारतात प्रमाण मानली गेलेली मिताक्षराही हाच धागा पुढे नेते. मराठीत सांगायचं तर घरात ताट आहे, पण सातबाऱ्यावर नाव नाही.

इंग्रजी अमदानीत ही गोष्ट कोर्टात गेली. बहिरेपण जन्मजात आहे का, बरं न होणारं आहे का, यावर वकील भांडू लागले, कारण जन्मजात नसेल तर वाटा जात नव्हता. एखाद्याला तापात बहिरेपण आलं की पोटातूनच आलं, यावर शेताचा निकाल लागायचा! हे थांबवलं १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) कायद्याने. जन्मतः वेडा किंवा जडबुद्धी असलेला वगळता इतर कोणालाही व्यंगाच्या कारणाने वारशातून बाहेर ठेवता येणार नाही, असं तो कायदा म्हणाला. म्हणजे कर्णबधिर मुलाला बापाच्या शेतात वाटा मिळाला त्याला शंभर वर्षंही पुरी झालेली नाहीत.

कायदा बदलायला पानभर मजकूर पुरला. पण 'पोसू, वाटा मात्र मागू नकोस' ही जी वृत्ती होती, ती वाड्यातून निघाली आणि शाळेत जाऊन बसली. तिथून कचेरीत गेली. तिचा माग काढायला आम्ही एकच खूण धरणार आहोत. कर्णबधिर मुलांच्या शाळेत कर्णबधिर मास्तर किती? ही एक गोष्ट मोजली की शिक्षण आणि नोकरी, दोन्हींची नाडी हाताला लागते. शाळा ही त्या समाजाची पहिली नोकरी देणारी जागा असते. तीच जर म्हणाली की 'शिकायला ये, शिकवायला नको', तर गिरणीवाल्याने आणि बँकवाल्याने तिच्याहून वेगळं का म्हणावं?

यासाठी आपल्याला थोडं पॅरिसला जावं लागेल. हौस म्हणून नाही. मुंबईतल्या आपल्या पहिल्या शाळेची पद्धत युरोपातूनच आली, म्हणून.

अठराव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये द लेपे नावाचे एक धर्मोपदेशक होते. एका घरी त्यांना दोन बहिणी भेटल्या, दोघी बधिर. त्यांना शिकवता शिकवता १७६० च्या सुमारास त्यांची शाळा उभी राहिली. तिचं वेगळेपण असं, की फी नव्हती आणि मुलांच्या हातवाऱ्यांना बंदी नव्हती. मुलं आपसांत ज्या खुणा करतात त्यांतूनच शिकवायचं, हे द लेपेंनी धरलं. त्यात त्यांनी फ्रेंच व्याकरणाच्या स्वतःच्या खुणा घुसडल्या, त्या फार बोजड होत्या म्हणतात. ते सोडून देऊ. १७८९ च्या डिसेंबरात ते वारले, तेव्हा फ्रेंच राज्यक्रांती पेटलेली होती. पुढे १७९१ मध्ये त्या शाळेची जबाबदारी राष्ट्राने घेतली.

याच शाळेत पुढे झां मासिय नावाचा मेंढ्या राखणारा मुलगा आला. तो बधिर होता, भावंडंही बधिर होती. तो तिथेच शिक्षक झाला. त्याचा विद्यार्थी लॉरां क्लेर, तोही बधिर आणि तोही शिक्षक. १८१६ मध्ये थॉमस गॅलॉडेट हे अमेरिकन गृहस्थ क्लेरला घेऊन जहाजाने निघाले. प्रवास ५२ दिवसांचा. त्या ५२ दिवसांत क्लेर गॅलॉडेटकडून इंग्रजी शिकला आणि गॅलॉडेट क्लेरकडून खुणांची भाषा. आम्हाला या इतिहासातलं हे सगळ्यात आवडतं चित्र आहे. डेकवर दोघे बसलेत, आणि दोघेही एकमेकांचे मास्तर. १५ एप्रिल १८१७ ला हार्टफर्ड इथे अमेरिकेतली पहिली कायम टिकलेली शाळा सुरू झाली. तिच्या पायात एक बधिर मास्तर होता, म्हणून पुढच्या शाळाही तशाच निघाल्या. १८६०-७० च्या सुमारास अमेरिकेतल्या अशा शाळांमधले चाळीस टक्क्यांच्या आसपास शिक्षक स्वतः बधिर होते. १८६४ मध्ये लिंकन यांनी सही करून वॉशिंग्टनच्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार दिला. तेच आजचं गॅलॉडेट विद्यापीठ.

आणि मग आलं मिलान.

सप्टेंबर १८८० मध्ये इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. १६४ प्रतिनिधी, बहुसंख्य इटालियन आणि फ्रेंच. त्यांत कर्णबधिर किती? एक. ठराव झाला की वाचा ही खुणांपेक्षा निर्विवाद श्रेष्ठ आहे. दुसरा ठराव असा, की दोन्ही एकत्र वापरल्याने बोलण्याला आणि ओठवाचनाला बाधा येते, म्हणून निव्वळ तोंडी पद्धतच पत्करावी. विरोधात मतं पडली ती अमेरिकन मंडळी आणि लंडनचे एक मुख्याध्यापक यांची, बोटांवर मोजण्याइतकी.

शिक्षणपद्धतीवरचा मतभेद म्हणून हे वाचलं तर त्यात भयंकर असं काही दिसत नाही. मूल बोललं तर कोणाला नको आहे? पण नोकरीच्या अंगाने वाचा. वर्गात फक्त तोंडी बोलूनच शिकवायचं, उच्चार ऐकून दुरुस्त करायचे, असं ठरलं की कर्णबधिर मास्तर त्या क्षणी नालायक ठरतो. त्याची विद्वत्ता बदलली नाही, अनुभव बदलला नाही, कामाची व्याख्या तेवढी बदलली. युरोपात बधिर शिक्षक वर्गांतून बाहेर पडले, मासिय आणि क्लेर जिथे शिकवत होते त्या पॅरिसच्या शाळेतूनही. अमेरिकेतलं ते चाळीस टक्क्यांचं प्रमाण पहिल्या महायुद्धापर्यंत पंधराच्या आसपास उतरलं. आणि हे सारं मुलांच्या भल्यासाठी, अत्यंत सद्भावनेने! ताट आहे, वाटा नाही.

आता मुंबईला येऊ. मिलानचा ठराव १८८० चा. मुंबईत माझगावची शाळा निघाली १८८५ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच वर्षांनी. मुंबईचे रोमन कॅथलिक धर्मप्रमुख लिओ म्यूरिन यांनी ती काढली. ती भारतातली पहिली. म्हणजे आपल्याकडे शाळा जन्मालाच आली ती मिलानचं वारं अंगात घेऊन. पद्धत तोंडी. हार्टफर्डच्या पायात जसा क्लेर होता तसा आपल्या पायात कोणी नव्हता. द लेपे ते मिलान हा जो एकशेवीस वर्षांचा काळ युरोपला मिळाला, बधिर मास्तरांचा काळ, तो आपल्याला मिळालाच नाही. आमच्या मते भारतातल्या या शिक्षणाबद्दल सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही.

अपवाद होते. १८९३ मध्ये कलकत्त्याची शाळा निघाली. तिचे जामिनीनाथ बॅनर्जी परदेशी जाऊन आले. इंग्लंड पाहिलं आणि गॅलॉडेटलाही शिकून आले, म्हणजे दोन्ही वारी त्यांनी अनुभवली. तिकडे दक्षिणेत पाळयंकोट्टईला फ्लॉरेन्स स्वेन्सन या मिशनरी बाईंनी शाळा काढली. त्यांना खुणा वापरण्यात संकोच नव्हता. पण पुढच्या काळात देशभर शेकडो शाळा निघाल्या त्या बव्हंशी माझगावच्या वाटेने.

तोंडी पद्धत म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाई मुलाला आरशासमोर बसवतात. ओठांसमोर कागदाची पट्टी धरतात आणि 'प' म्हणतात, पट्टी उडते. मुलाचा हात गळ्याला लावून 'ब' म्हणतात, गळा थरथरतो. बोट नाकाला लावून 'म' म्हणतात, नाकात गुणगुण होते. एकेका अक्षरावर आठवडे जातात. त्या बाईंच्या चिकाटीला आमचा नमस्कार आहे, उपरोधाने नाही, मनापासून. पण आता त्यांच्या हातातली पट्टी काढून घ्या, मुलाचा हात गळ्यावरून काढा आणि चार पावलं लांबून म्हणा: पाप, बाप, माप. तिन्ही शब्द ओठांवर अगदी एकसारखे! तुम्ही आज घरी गेल्यावर आरशात म्हणून बघा. क, ख, ग तर घशातच होतात, ओठांवर येतच नाहीत. म्हणजे ओठ वाचणारा मुलगा अर्ध्याहून अधिक वाक्य तर्काने भरतो. आणि तर्क करायला आधी भाषा यावी लागते. भाषा यावी म्हणून ओठ वाचायचे, आणि ओठ वाचता यावेत म्हणून भाषा हवी. करोनाच्या काळात सगळ्यांनी तोंडाला मास्क लावले, तेव्हा उरलेले ओठही गेले.

यात आणखी एक गोष्ट असते. कर्णबधिर मुलांपैकी शंभरातली नव्वदपेक्षा जास्त ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात. घरात मराठी आहे, पण ती कानांनी वाहणारी मराठी. मूल तिच्या काठावर बसलेलं. शाळेत गेल्यावर लेखी मराठी समोर येते, तिची विभक्ती येते, सामान्यरूप येतं. 'शाळा'ची 'शाळेत' कशी झाली, 'मी'चं 'मला' का झालं, हे आपण कोणी शिकलो नाही, ते कानांतून आपोआप मुरलं. कर्णबधिर मुलगा लिहितो, 'मी नोकरी पाहिजे.' अर्जाच्या पहिल्या ओळीतच साहेब ठरवून टाकतात की मुलगा बुद्धीने बेताचा आहे. त्याने लेथ उत्तम चालवला, नकाशा अचूक काढला, तरी त्याच्यापुढे ती 'मी पाहिजे'ची ओळ चालत राहते. आम्ही असे अर्ज पाहिले आहेत. एकाच्या कोपऱ्यात लाल शाईने नुसतं एक प्रश्नचिन्ह होतं.

मग ही मुलं वाढली कशी? ती वसतिगृहांत वाढली. वर्गात हात मांडीखाली ठेवा असं बजावलं, तरी जेवणाच्या पंगतीत, मैदानावर, खोलीत हात सुटेच. ऐकणारी मुलं दिवे गेल्यावर गप्पा मारतात. या मुलांना दिवा जायच्या आत सगळं सांगून संपवावं लागायचं. मोठ्यांकडून धाकट्यांकडे असं करत पिढ्यान्‌पिढ्या एक भाषा उतरत गेली, आणि ती कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती. १९२८ मध्ये, वारशाचा कायदा झाला त्याच साली, बंगालमध्ये एच. सी. बॅनर्जी यांनी कलकत्ता, ढाका आणि बारिसाल या तीन शाळांतल्या खुणा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. म्हणजे भाषा आहे ही शंका तेव्हाही कोणाला तरी आलेली होती. पण ती पुढे कोणी धसास लावली नाही.

ती लावली एका बधिर माणसानेच. मदन वसिष्ठ हे त्यांचं नाव. हिमाचलातल्या खेड्यातला मुलगा, अकराव्या वर्षी आजारपणात ऐकू येईनासं झालं. शेती केली, दिल्लीत फोटोग्राफी शिकला, आणि १९६७ मध्ये गॅलॉडेटला गेला. १९७० च्या दशकाच्या शेवटी ते जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांच्यासह भारतात परतले आणि दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगळूर इथल्या खुणा गोळा केल्या. शहरांगणिक शब्द थोडे निराळे निघाले, पण व्याकरण एक. पुढे उलरिके झेशान यांच्या संशोधनाने ते आणखी पक्कं केलं. पाकिस्तानातली खुणांची भाषाही मुळात हीच असल्याचं त्यांनी दाखवलं. फाळणी रेडक्लिफ रेषेवर झाली, हातांवर झाली नाही. या भाषेत प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, 'तुझं नाव काय' असा. म्हणजे आपल्या मराठी माणसाला ती फार परकी वाटायला नको.

आता नोकरी. शाळा मुलाला वाचा देत होती, पण कामाला लावताना मात्र वाचेचा संबंध नसलेलं कामच शोधत होती. शिवण, सुतारकाम, पुस्तकबांधणी, चित्रकला, छापखान्यातलं कंपोझिंग. कंपोझिंग तर जगभर कर्णबधिरांचा धंदा होता. खिळे उलटे वाचायचे, सारं काम नजरेचं, आणि यंत्राच्या खडखडाटाचा त्रास नाही. यातून कित्येक घरं उभी राहिली, हे नाकारायचं कारण नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत ॲक्रन इथल्या गुडइयर आणि फायरस्टोनच्या टायर कारखान्यांनी शेकड्यांनी बधिर कामगार घेतले, कारण माणसं कमी पडत होती. गरज पडली की बहिरेपण आड येत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबादला केंद्र सरकारची व्यवसाय पुनर्वसन केंद्रं निघाली. पुढे लेटरप्रेस गेला, संगणकावर अक्षरं जुळू लागली, आणि छापखान्यातली ती हमखास जागा एका पिढीत नाहीशी झाली.

चित्रकलेवरून आठवलं. सतीश गुजराल आठव्या वर्षी ऐकण्याला मुकले. पुढे १९४४ मध्ये आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये येऊन शिकले. चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुरचनाकारही झाले. त्यांचं उदाहरण प्रत्येक व्याख्यानात दिलं जातं, आम्हीही दिलं. पण एका गुजरालांवर हजारो मुलांचा हिशेब भागत नाही.

सरकारी नोकरीचं दार १९७७ मध्ये थोडं उघडलं. केंद्राच्या क आणि ड गटांत तीन टक्के जागा, त्यांतली एक टक्का कर्णबधिरांना. १९९५ च्या कायद्याने आरक्षण वरच्या गटांपर्यंत नेलं. पण मधे एक चाळणी ठेवली. पद 'योग्य' म्हणून निश्चित केलेलं असेल तरच आरक्षण. योग्य कोण ठरवणार? ऐकणाऱ्यांची समिती. पुन्हा मिलानच.

ही चाळणी काय करते त्याचं एक ठळक उदाहरण सांगतो. राजस्थानचे मणिराम शर्मा. २००५ ची केंद्रीय लोकसेवा परीक्षा पास झाले. सेवा मिळाली नाही, कारण अंशतः बधिर चालतील, पूर्ण बधिर चालणार नाहीत, अशी पदांची यादी होती. ते पुन्हा पास झाले. शेवटी कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवून घेतलं, परत पास झाले, आणि २००९ मध्ये आयएएस मिळालं. परीक्षा तीच, माणूस तोच. आम्ही शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. लहान वयात केलेल्या इम्प्लांटचा पुष्कळ मुलांना उपयोग होतो, आणि केंद्राच्या एडीआयपी योजनेतून तो गरीब घरांनाही मिळतो, हे चांगलंच आहे. पण नोकरीसाठी शस्त्रक्रिया ही अट झाली, तर ती समावेशाची गोष्ट राहत नाही.

२०१६ च्या कायद्याने नोकरीतलं आरक्षण चार टक्के केलं, त्यात कर्णबधिर आणि कमी ऐकू येणारे मिळून एक टक्का. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा दिव्यांगांना. बरं, कॉलेजात जागा मिळाली. मुलगी वर्गात बसली. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलतायत. दुभाषी नाही. अख्ख्या देशात प्रमाणपत्रधारक दुभाषी शेकड्यांत मोजावे लागतात. तिला जागा मिळाली ती बाकावरची, व्याख्यानातली नाही. खासगी क्षेत्रात काही बरे प्रयत्न झाले. मुंबईत मिरॅकल कुरिअर्सने कर्णबधिर तरुणांच्या हाती टपाल दिलं, लेमन ट्री हॉटेलांनी त्यांना स्वयंपाकघरात आणि सेवेत घेतलं. अशा ठिकाणी सहकाऱ्यांना थोड्या खुणा शिकवल्या जातात, आणि तेवढ्यानेही फरक पडतो. अन्यत्र आम्हाला भेटलेले कित्येक जण दहा-बारा वर्षं एकाच टेबलावर आहेत. भरती झाली, बढती नाही. प्रशिक्षण तोंडी, बैठक तोंडी, साहेबांचा विनोद तोंडी.

वाहन चालवण्याचा परवाना हा तर वेगळाच किस्सा. वर्षानुवर्षं कर्णबधिराला लायसन्स नव्हतं, मग डिलिव्हरीचं काम तरी कसं करणार? कानात बोंडं घालून गाणी ऐकणाऱ्याला मात्र होतं! २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि २०१६ मध्ये केंद्राच्या मंत्रालयाने राज्यांना तसं कळवलं.

आकड्यांचंही एक. २००१ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले साडेबारा लाखांच्या थोडे वर होते, २०११ मध्ये पन्नास लाखांवर. दहा वर्षांत देश बहिरा झाला नाही. प्रश्नाची व्याख्या बदलली. म्हणजे कोणाला मोजायचं हेही दुसरेच ठरवतात, आणि योजना त्या आकड्यावर बेततात.

आता एक बारीक गोष्ट, पण आम्हाला ती फार बोलकी वाटते. महाराष्ट्रात सर्वसाधारण मुलांच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे असतात. कर्णबधिर मुलांच्या विशेष शाळा वर्षानुवर्षं कोणाकडे होत्या? समाजकल्याणाकडे, म्हणजे सामाजिक न्याय विभागाकडे. डिसेंबर २०२२ पासून वेगळा दिव्यांग कल्याण विभाग झाला. वेगळा विभाग झाला ही प्रगतीच. पण शब्द बघा, 'कल्याण'. त्या मुलाच्या गणिताच्या तासाची फाईल शिक्षणाच्या टेबलावर जात नाही, कल्याणाच्या टेबलावर जाते. मनुस्मृतीतल्या त्या दोन श्लोकांपासून आपण किती लांब आलो ते या फाईलवर मोजता येईल.

आणि बधिर मास्तर? ती खूण आपण सोडलेली नाही. आपल्या शाळांत कर्णबधिर शिक्षक दिसले तर बहुधा चित्रकलेचे किंवा हस्तव्यवसायाचे. विज्ञानाचे, गणिताचे, इतिहासाचे क्वचित. १९९२ च्या कायद्याने पुनर्वास परिषद आली. विशेष शिक्षकाला तिची नोंदणी आवश्यक झाली, आणि नोंदणीसाठी जो अभ्यासक्रम होता तो वाचा आणि श्रवण यांवर उभा होता. पात्रतेची शिस्त आली ते बरंच झालं, पण शिडीची पहिली पायरीच कानात होती. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत २००१ मध्ये सांकेतिक भाषेचा विभाग निघाला, तिथून दुभाषींचे आणि भाषा शिकवणाऱ्यांचे वर्ग सुरू झाले. इग्नूने २००९ मध्ये या भाषेतली पदवी काढली. देशभरातली आणि बाहेरचीही कर्णबधिर मुलं दिल्लीला आली, आणि काही वर्षांत तो अभ्यासक्रम बंद पडला. त्या मुलांच्या तोंडून, चुकलो, हातून आम्ही ऐकलंय की आयुष्यात पहिल्यांदा व्याख्यान पूर्ण समजलं ते तिथे.

२०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र झालं. २०१८ मध्ये त्यांनी तीन हजार शब्दांचा कोश काढला, २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ही भाषा आली, एनसीईआरटीची पुस्तकं तीत आणण्याचा करार झाला, मुक्त विद्यालयात ती विषय म्हणून घेता येऊ लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाषीसह उभ्या राहिल्या. हे सगळं २०१५ पासूनचं आहे. मिलानचे ते ठराव त्याच परिषदेच्या परंपरेने २०१० मध्ये, व्हँकुव्हरला, १३० वर्षांनी नाकारले.

या केंद्राची एक पदविका आहे, सांकेतिक भाषा शिकवण्याची, आणि ती कर्णबधिरांसाठीच आहे. आमच्या हिशेबात कोशातल्या दहा हजार शब्दांपेक्षा या पदविकेचं वजन जास्त आहे. कारण माझगावला १८८५ मध्ये जो क्लेर आला नाही, तो आता कदाचित बारामतीहून किंवा बेळगावहून येईल. पण पदविका मिळाल्यावर त्याला घेणार कोण? अनुदानित शाळेच्या मंजूर पदांत 'सांकेतिक भाषा शिक्षक' हे पद हवं. वेतनश्रेणी हवी. मुख्याध्यापकपदापर्यंतची सेवाज्येष्ठता हवी. गॅलॉडेट विद्यापीठाला पहिले बधिर अध्यक्ष मिळायला १९८८ साल उजाडलं, म्हणजे सनदेनंतर १२४ वर्षं. तेही विद्यार्थ्यांनी मार्च महिन्यात आठवडाभर विद्यापीठ बंद पाडल्यावर. ऐकणाऱ्या बाईंची नेमणूक झाली होती, ती मुलांनी मागे घ्यायला लावली. किंग जॉर्डन अध्यक्ष झाले. विश्वस्तांत बधिरांचं बहुमत हवं, ही मागणीही मान्य झाली. बहुमत, बरं का. एक प्रतिनिधी नाही.

ताईंनी हात वर केलाय, आमची वेळही संपत आली. आता प्रश्न घेऊ. तो दिवा पुढच्या रांगेवर घ्या. निळ्या शर्टातल्या मुलाचा हात मघापासून वर आहे, आम्ही मणिराम शर्मांचं सांगत होतो तेव्हापासून. त्याने मंचावर यावं, म्हणजे मागच्यांनाही त्याचे हात दिसतील. ताई, तो काय म्हणतोय ते तुम्ही आम्हाला सांगा. त्याला दुभाषी नको आहे, आम्हाला हवा आहे.